मामेसासऱ्यांची क्लच प्लेट

आमच्या मामेसासऱ्यांनी पोटच्या पोरांपेक्षा जास्त कशाला जपलं असेल, तर ते आपल्या गाडीच्या क्लच प्लेटला. पोरं कितवीत आहेत हे त्यांना कधी धड सांगता आलं नाही. पण गाडी घेतल्यापासून तीच प्लेट चालू आहे, ही बातमी ते घाटंजीच्या बाजारात वांगी निवडता निवडता अनोळखी माणसालाही देत.

क्लच म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं, तेही एका लग्नाच्या पंगतीत. दोन ताटल्या घेतल्या. एक इंजिन, दुसरी गिअरबॉक्स आणि मधे माझा पापड. "पेडलवरचा पाय उचलला का दोघं चिपकतात, संगं फिरतात. दाबला का सुटतात. अन् अर्धाच दाबून ठेवला त?" असं म्हणून त्यांनी ताटल्या एकमेकींवर घासल्या. चुरा माझ्या वरणात पडला. "हे हाफ क्लच. समजलं, जवाईबापू?" मला समजलं, आणि वाढपी पुन्हा पापड घेऊन आला नाही.

चौथा गिअर पडला की ते डावा पाय सीटवर ओढून मांडी घालत. चुकूनसुद्धा क्लचला लागायला नको. गाडी उभी करायची ती उतारावरच, निघताना क्लचला कष्ट नकोत म्हणून. यवतमाळातली मंगल कार्यालयं त्यांनी जेवणावरून नव्हे, उतारावरून क्रमानं लावून ठेवली आहेत. एकदा कार्यालय सपाटीवर निघालं, तर पैठण्या नेसलेल्या साऱ्या बायकांना त्यांनी लांबच्या चढावर गाडी लावून तिथून पायी आणलं. मला एकदाच स्टिअरिंग मिळालं. दोन किलोमीटरवर त्यांनी गाडी थांबवायला लावली, माझी डाव्या पायाची चप्पल काढून डिक्कीत टाकली आणि म्हणाले, "बिनाचपलीचा पाय लाजते. क्लचवर बसून नाही राहत."

गेल्या वर्षी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी चाला, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण मामी फाटकाबाहेर पडेनात. मधेच पाय गळाला तर बसायचं कुठं, ही भीती. मामा सोबत चालू लागले, तर त्यांच्या सूचनांनीच मामी दुसऱ्या वळणावर थकल्या. "तुम्ही घरीच राहा, नाहीतर मी राह्यते," म्हणाल्या. त्यावर मामांनी तोड काढली. मामी पुढे चालणार, मामा मागून गाडी आणणार. थकल्या की मागचं दार उघडायचं आणि बसायचं.

मी तिकडे गेलो होतो तेव्हा मामांच्या शेजारी बसून ही मिरवणूक पाहिली. पहिल्या गिअरमध्येही गाडी मामींपेक्षा जोरात पळते. त्यामुळे मामा हाफ क्लचवर होते, सबंध रस्ताभर. मागून ऑटोवाले हॉर्न देत होते. डावा अनवाणी पाय पेडलवर थरथरत होता आणि डोळे मामींच्या टाचांवर. जळकट वास आला तसा मी म्हणालो, "मामा, क्लच..."

"कोणी कचरा जाळून राह्यलं असंन," ते म्हणाले.

सात-आठ आठवड्यांनी गाडी चढ चढेना. गॅरेजच्या मिस्त्रीनं प्लेट काढून अंगणात आणली, तेव्हाही मी तिथंच होतो. ती पार काळी पडली होती. "कोणं चालवली हो ही गाडी? हाफ क्लचवर भाजून टाकली पुरी."

मामी ओट्यावर उभ्या होत्या. मामांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "जवायानं."

मला खरंच राग आला. मिस्त्री गेल्यावर मी त्यांना गाठलंच. मामा ती प्लेट हातात घेऊन बसले होते, आवाज अगदी खाली. "तिच्या चालण्यानं जळली हे तिले माहीत पडलं, त उद्यापासून फाटकाबाहेर नाही निघणार ते. तुम्ही थोडं आयकून घ्या, बापू."

मी ऐकून घेतलं. अजूनही घेतो. क्लच जाळणारा जावई म्हणून सगळ्या नात्यात माझी ओळख झाली आहे. परवाच्या लग्नात कार्यालयाच्या वीस पायऱ्या मामी कोणाचा हात न धरता चढून आल्या आणि माझ्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "एवढी जपली होती माणसानं. तुम्हाले एक पाय सांभाळता नाही आला?"

"चुकलं, मामी," मी म्हणालो. शेजारच्या पानावर बसलेल्या मामांनी आपला पापड उचलला आणि मान वर न करता माझ्या पानात ठेवला.