शेवटबाईंचं गाणं

ऑर्केस्ट्रातले सगळे त्यांना शेवटबाई म्हणत. हे नाव कीबोर्डवाल्याने ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की कार्यक्रमाच्या फलकावर त्यांचं खरं नाव वाचून नवा गिटारवाला 'ह्या कोण?' असं विचारी. नणंदेला ते मुळीच पसंत नव्हतं. असलं अभद्र नाव कुणी आपण होऊन लावून घेतं का, असं ती दर भेटीत भावाला ऐकवून जाई. बाईंना मात्र ती पदवी वाटे.

रेकॉर्डवरची कितीतरी गाणी खरं म्हणजे संपतच नाहीत. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येत राहते आणि आवाज बारीक होत होत विरून जातो. घरी बसून ऐकायला ते ठीक आहे. स्टेजवर जिवंत माणसं उभी असतात, त्यांना विरून कसं जाता येईल? कुठेतरी थांबावं लागतं, आणि सगळ्यांनी एकदम थांबावं लागतं. नाहीतर गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे आणि गाणारा मध्येच तोंड उघडं टाकून उभा, अशी फजिती होते. अशा बिनशेपटाच्या गाण्यांना शेपूट लावण्याचं काम बाईंचं. कुठली ओळ तीनदा घ्यायची, कुठे लय ओढून धरायची, कुठला सूर किती ताणायचा, हे त्या ठरवत. त्यांचा डावा खांदा किंचित वर गेला की मागच्यांनी समजायचं, आता पूर्णविराम. तो खांदा कधी चुकला नाही. निदान बाई तरी तसंच सांगत.

दिवसा त्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात असत. तो काचा घासायचा, आणि त्या गिऱ्हाइकाच्या नाकाकानांशी झटापट करून फ्रेम बसवायच्या. कार्यक्रमांना तो येत नसे. घरी रोज फुकट ऐकायला मिळतं, ते तिकीट काढून कशाला ऐकू, असं त्याचं म्हणणं.

बाई तरुणपणापासून गात होत्या, पण सगळी दुसऱ्यांची गाणी. लोक येऊन सांगत, हुबेहूब गायलात. पूर्वी तो शब्द गोड लागे. अलीकडे तो त्यांच्या घशात अडकू लागला होता. एक तरी गाणं असं मिळावं, की जे शिकायला दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड लावावी लागू नये, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी एकट्या नवऱ्याला सांगितलं होतं, आणि एरवी प्रत्येक गोष्टीची टिंगल करणाऱ्या त्या माणसाने तेव्हा नुसती मान हलवली होती.

अशात एके दिवशी दुकानात एक मुलगा आला. हा स्वतःच्या खोलीत बसून, गिटार घेऊन गाणी करायचा आणि लाखो पोरं ती कानात घालून फिरायची. दुकानाबाहेरून जाणाऱ्या पोरांच्या फोनवर नवऱ्याने ती ऐकली होती. इतका हळू गातो म्हणजे उशीत तोंड खुपसून गात असणार, असं म्हणून त्याने त्याचं 'उशी' असं नाव ठेवून टाकलं होतं. तोच उशी आता तपासणीच्या खुर्चीत बसून डोळ्यांना पाणी येतं म्हणून सांगत होता. बाईंनी त्याच्या नाकावर तपासणीची गोल जड फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. त्याने अगदी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," बाई म्हणाल्या. "आता काम बोला."

मुलगा ओशाळला आणि मग सगळं सांगून मोकळा झाला. मित्राच्या लग्नात त्याने बाईंना ऐकलं होतं. त्या गात होत्या ते गाणं रेकॉर्डवर विरतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ह्या बाई संपवतात कसं ते बघायला तो हातात ताटली घेऊन उभा राहिला, आणि जेवायचं विसरला. त्याच्याकडे एक नवीन गाणं होतं. दूर शहरात कामाला गेलेला मुलगा आणि घरी असलेली आई फोनवर बोलतात. बोलण्यासारखं सगळं बोलून होतं. 'ठेवू का?', 'हं, ठेव', असं दोघं म्हणत राहतात आणि कुणीच ठेवत नाही. तसंच गाणंही संपत नव्हतं. बाईंनी फक्त शेवट सुचवावा, एवढीच त्याची विनंती होती.

"नुसतं शेपूट लावायला मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "आईचं गाणं मी गाणार. नाव तुमच्या नावाशेजारी, तेवढ्याच आकारात. आणि मी लावीन तोच शेवट राहील."

तो ताबडतोब हो म्हणाला. तो गेल्यावर नवरा म्हणाला, अगं, भिंगं तरी काढायचीस त्याच्या डोळ्यांवरची, बिचाऱ्याने काही न दिसताच होकार दिला.

रेकॉर्डिंगची जागा एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होती. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, आणि यंत्रापाशी बसलेला माणूस पायातल्या मोज्यांचाही आवाज होईल अशा भीतीने वावरणारा. बाईंनी पहिली ओळ घेतली आणि तो कानावरचा हेडफोन उपटून उभाच राहिला.

"काकू," उशी म्हणाला, "समोर हजार माणसं नाहीत. एकच आहे, आणि त्याने फोन कानाला लावलाय."

बाईंना राग आला. पण म्हणणं खरं होतं, हेही त्याच क्षणी कळलं. मग त्यांनी चष्मा बसवताना गिऱ्हाइकाच्या कानाशी बोलतात तसं गायचा प्रयत्न केला. आधी आवाज घोगरा झाला, मग नुसतीच हवा यायला लागली, मग हळूहळू बसला. दुपारपर्यंत आईच्या सगळ्या ओळी झाल्या आणि शेवटाची वेळ आली. तिथे बाईंनी आपला हुकमी डाव टाकला. ओळ तीनदा, लय ओढलेली, वरचा सूर ताणलेला, खांदा वर. मोजेवाल्याने टाळ्या वाजवल्या. उशीने नुसता हेडफोन पुढे केला.

स्वतः लावलेला शेवट बाईंनी आजवर कधी ऐकलाच नव्हता. स्टेजवर शेवट झाला की टाळ्या येत आणि त्याच ऐकू येत. आता टाळ्या नव्हत्या. इतका वेळ फोनवर हळूच बोलणारी आई एकाएकी हात पसरून व्यासपीठावर उभी राहिली होती.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच," मोजेवाला भाबडेपणाने म्हणाला.

"पुसून टाका हिला."

उशीची गाणी एक कंपनी बाजारात आणत असे. तिच्या माणसाने फोनवर सांगितलं, डोकेफोड करू नका, आवाज कमी करत नेऊन गाणं मिटवून टाका, तारीख जाहीर झालेली आहे. बाईंनी एक दिवस मागून घेतला. आवाज विरला असता, तर हेही गाणं इतर गाण्यांसारखंच झालं असतं. फक्त त्यावर त्यांचं नाव असतं, एवढंच.

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. तोही नोकरीसाठी लांब होता. जेवण, तब्येत, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं नेहमीसारखं झालं आणि मुलगा काहीतरी सांगत असतानाच बाई "बरं, ठेवते" म्हणाल्या आणि फोन बंद केला.

"अगं, तो बोलत होता," नवरा म्हणाला. "नेहमी असं करतेस."

"माहीत आहे."

"मग?"

"त्याने आधी ठेवला की तो बंद झाल्याचा आवाज मला ऐकावा लागतो. मग झोपेपर्यंत तोच कानात राहतो. म्हणून मी आधी ठेवते."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धडपणे नव्हतं. फोन अजून हातातच होता. मग तिथूनच त्यांनी उशीला फोन लावला आणि शेवट सापडला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच माईकसमोर उभे राहिले. मुलगा गाऊ लागला, 'आणि काल आई, मी इथे...' आणि त्या ओळीच्या मध्यावरच आईचा शब्द पडला, 'ठेवते.' पुढे काही नाही. वाद्यसुद्धा नाही. मोजेवाला वाकून वीज गेली की काय ते बघू लागला. उशीचा चेहरा उतरला. लोकांना गाणं तुटलंय असं वाटेल, असं तो म्हणाला.

"वाटू दे," बाई म्हणाल्या.

आणि तसंच वाटलं. गाणं आलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. अर्धवट गाणं कुणी चढवलं, शेवट कुठे आहे, फोन बिघडला की गाणं? एका रेडिओच्या निवेदिकेने तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी व्यक्त करून दुसरंच गाणं लावलं. नणंदेने मुद्दाम फोन करून विचारलं की नाव शेवटबाई, मग शेवट तेवढा करायचा कसा राहिला. कंपनीच्या माणसाने तोवर कॉम्प्युटरवर विरणारा शेवट तयार करून ठेवला होता. गुपचूप बदलून टाकू, म्हणाला, फक्त उशीने हो म्हणायला हवं होतं.

उशी दुकानात आला आणि न सांगताच तपासणीच्या खुर्चीत बसला. मला हो म्हणावं लागेल, काकू, असं खाली मान घालून म्हणाला. बाईंचं पहिलंवहिलं गाणं त्या एका 'हो'वर अडकलं होतं. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. धाकाने ठेवलेला शेवट त्यांना नको होता.

"तुझ्या आईने ऐकलं का?" त्यांनी विचारलं.

त्याने आईला दोन्ही ऐकवली होती. विरणारं आधी ऐकवलं, तर छान आहे हो, असं म्हणून आई पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मग दुसरं ऐकवलं, तर भडकलीच. काय बाई आहे, मुलगा बोलतोय आणि ही फोन ठेवते, म्हणून दिवसभर धुसफुसत होती. आणि जेवताना तिने एकदम विचारलं, तो मुलगा पुढे काय सांगणार होता रे?

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? पुढे मी काही लिहिलंच नाहीये."

"आणि त्या विरणाऱ्याबद्दल काय विचारलं तिने?"

"काहीच नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास?" बाई म्हणाल्या. "निकाल तुझ्या घरी लागलाय."

उशी बसून राहिला. शेवटी नवऱ्याने काउंटरवरून सांगितलं की खुर्ची मोकळी करा, डोळे खरंच खराब असलेलं गिऱ्हाईक आलंय. तेव्हा तो उठला, बाहेर गेला आणि काचेपलीकडे उभा राहून कंपनीशी बोलू लागला. आवाज आत येत नव्हता, नुसता हात हवेत हलताना दिसत होता. बाई एकच काच पुसत उभ्या होत्या.

"आज उशी ओरडतेय," नवरा म्हणाला.

थोड्या वेळाने दारातून डोकं आत घालून उशी म्हणाला, "तुमचाच राहिला." आणि गेला.

लोकांचा राग काही गेला नाही, आणि गाणं चाललं ते त्या रागावरच. रेडिओवर आता दिलगिरीऐवजी 'घाबरू नका, इथेच संपतं' अशी सूचना द्यायला लागले. दुकानात फ्रेम बघायला आलेल्या बायका मान वर करून बाईंना खडसावत, त्या पोराला बोलू का दिलं नाहीत? बाई म्हणत, मान हलवू नका, काडी टोचेल.

मग एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला आणि उशी पाहुणा म्हणून आला. दोघांनी गाणं म्हटलं. 'ठेवते' पडलं, दिवे तसेच, वाद्यं गप्प. सभागृहभर एक मोठा उसासा फुटला आणि मग टाळ्या. पुन्हा, पुन्हा, असा गलका झाला. त्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "बाई, ह्या वेळी त्याला बोलू द्या!" बघता बघता सगळं सभागृह तेच म्हणू लागलं.

ऑर्केस्ट्रात फर्माईश मोडायची नसते. सांगाल तिथे गाणं लांबवायचं, सांगाल तिथे आवरायचं, ह्याच शिस्तीत बाईंची सगळी हयात गेली होती. कीबोर्डवाला त्यांच्याकडे बघत होता. उशीही बघत होता, गालात हसत, सांगाल ते करतो अशा तयारीने.

बाईंनी माईक जवळ घेतला. "पुन्हा गाते," त्या म्हणाल्या, "पण शेवट हाच. माझं गाणं आहे हे."

पुन्हा गायल्या. शेवट तसाच केला, आणि लोक पुन्हा तसेच चरफडले. ते चरफडणं बाईंनी टाळ्यांपेक्षाही चवीने ऐकून घेतलं. मग त्यांनी खूण केली आणि कीबोर्डवाल्याने पुढचं गाणं सुरू केलं. ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. त्याचा शेवट मागाल तसा मिळाला असता.