पिवळ्या जर्सीतला सामना

रेडिओवर कबड्डीची कॉमेंट्री करायला मी देऊळघाटच्या मैदानावर माइक घेऊन बसलो होतो. सामना गावच्या संघाचा, धामणगाव बढेशी. दोन्ही संघ उतरले आणि माझं डोकंच फिरलं. एकाच पुढाऱ्यानं दोघांनाही सारख्याच पिवळ्या जर्सी वाटल्या होत्या, आणि पाठीवर नंबराच्या जागी स्वतःचा फोटो! मैदानभर एकच माणूस हात जोडून पळत होता. चढाई कोणाची, पकड कोणाची, काही कळेना. पण रेडिओवर गप्प कसं बसणार? मी पलीकडच्या फळ्यावर नजर ठेवली. तिथे खडूनं ज्या गावाचा गुण वाढे, त्याच्या नावानं मी ओरडे. कधी अंदाजानं आधीच ओरडलो, तर फळाही लगेच तेच दाखवी. आपला अंदाज इतका बरोबर कसा येतोय, याचंच मला नवल वाटत होतं.

पंचांनी फळा वाचून देऊळघाटला विजयी केलं. गुलाल उधळला. मी फळ्यावर गुण लिहिणाऱ्या मास्तरांकडे गेलो, तर त्यांच्या कानात इअरफोन.

"मास्तर, तुमचा फळा होता म्हणून निभावलं."

त्यांनी कानातला इअरफोन काढला. "काऊन थट्टा करता? मले तर कोणता गडी कोणाचा, तेच समजत नव्हतं. मी तुमची कॉमेंट्री आयकून लिहून राह्यलो होतो."

त्या दिवशी खरं कोण जिंकलं, मला आजही माहीत नाही. कोणी विचारलंच, तर छातीठोकपणे देऊळघाट सांगतो. रेडिओवर तसं आलं होतं.