थेंबाला ताण

मला धीर नाही. चहा उकळायच्या आत मी तो तीनदा ढवळते आणि लिफ्टचं बटण दाबतच राहते. अशा बाईने पीएचडीला विषय कोणता घ्यावा, तर स्फटिक वाढवण्याचा!

जिवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती ढासळली की जिवाणू फुटून मरतो. या भिंतीच्या विटा घडवणारी काही एन्झाइमं त्याच्या पोटात असतात. त्यातलं अगदी पहिल्या पायरीवरचं एक माझ्या वाट्याला आलं होतं. त्याचा आकार नेमका कळला, तर त्याच्या तोंडात बोळा कोंबणारं औषध शोधता येतं. पण आकार कळायला आधी त्याचे स्फटिक हवेत, मग ते क्ष-किरणांखाली धरायला हवेत. ते मोठं यंत्र दुसऱ्या राज्यात होतं आणि तिथे आमचा नंबर फेब्रुवारीच्या शेवटी लागला होता.

स्फटिकांची रीत ऐकायला सोपी आहे. एन्झाइमचा थेंब काचेवर घ्यायचा आणि ती काच मिठाच्या दाट पाण्याच्या चिमुकल्या खळग्यावर उलटी झाकायची. खालचं मीठ थेंबातलं पाणी हळूहळू ओढून घेतं. थेंब आटत जातो आणि नशीब असेल तर त्यात स्फटिक धरतो. माझ्या नशिबात मात्र चार वर्षं नासलेल्या दुधासारखा गाळ होता. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत सर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी शांतपणे सांगितलं की या खेपेलाही काही निघालं नाही तर विषय बदलू. एन्झाइमचा एकच शेवटचा साठा उरला होता. नव्या विषयाची पहिली पायरी चढायला माझ्यात बळ नव्हतं. मी सगळं सोडूनच देणार होते, हे कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

जानेवारीच्या सुरुवातीला दोन दिवस घरी गेले. अकोल्याला गाडी बदलून पातूरकडे. आमची संत्र्याची बाग तेव्हा ताणावर होती. उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारा आंबिया बहार हवा असेल तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग पाणी दिलं की झाड फुलांनी भरून जातं. बाबा वाफ्यावाफ्यातून फिरत पानं चाचपत होते. मी त्यांच्या मागे चालत माझं रडगाणं गात होते. त्यांनी थेंबाची सगळी हकिकत नीट विचारून घेतली. खाली मीठ किती, पाणी किती दिवसांत आटतं, मी किती वेळा बघते.

रोज बघते म्हटल्यावर ते थांबले.

"ताण देणं म्हंजे झाडाले मारणं नोहे," ते म्हणाले. "भारी जमिनीले दीड-दोन महिने लागते. घाई केली तं पानं झडते अन् फूल येतच नाही. तू एका रात्रीत पाणी ओढून राहिली, वरून रोज उघडून पाहून राहिली. त्यानं काहून फुलावं?"

मला राग आला. अकोल्याच्या वाटेवर अर्धा तास तो टिकला. मग लक्षात आलं की खालच्या मिठाच्या पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला की थेंब सावकाश आटतो, हे मी कधीच वाचलं होतं. केलं नव्हतं, कारण त्याला आठवडे लागतात आणि मला आठवडे नको होते. आता हातात सातच आठवडे उरले होते. हळू मार्गाने गेले तर दुसरी संधी नव्हती. जलद मार्गाने गेले तर बहुधा पुन्हा गाळच निघणार होता.

परत आल्यावर सगळा साठा तेलाच्या थरावर टांगलेल्या थेंबांना वाहिला. सर हो म्हणाले. थेंबांच्या काचा ठेवलेल्या पेटीची किल्ली मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे दिली आणि सहा आठवडे मागितली तरी देऊ नकोस म्हणून बजावलं. मी ती अकरा वेळा मागितली. एकदा तर पेटीत उंदीर शिरल्याचा आवाज ऐकू येतोय असंही सांगून पाहिलं. ती निर्दयपणे शेंगदाणे खात राहिली.

ठरल्या दिवशी पेटी उघडली. पहिल्या रांगेत काही नाही. दुसऱ्या रांगेत काही नाही. शेवटच्या रांगेत, अगदी कडेच्या थेंबात, लखलखीत कडांचा एक स्फटिक होता, मिठाच्या कणाहूनही लहान. मी मैत्रिणीला इतक्या जोरात मिठी मारली की तिचा चष्मा पडला. सरांनी तो स्फटिक सूक्ष्मदर्शकातून दोनदा पाहिला आणि सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या.

क्ष-किरणांनी तो स्फटिक जळून गेला, पण जळण्याआधी सगळं सांगून गेला. काही आठवडे आकडे जुळवल्यावर एका दुपारी माझ्या पडद्यावर ते एन्झाइम उभं राहिलं. विटेचा कच्चा माल जिथे शिरतो ती फट, तिच्यावर झाकणासारखा फिरणारा दुवा, आणि तो दुवा उघडा. त्या दुपारी ही गोष्ट जगात फक्त मला माहीत होती. सरांच्या खोलीकडे निघालेली मी जिन्यातच थांबले आणि बाबांना फोन लावला. तोंड उघडं सापडलं, असं सांगितलं. मग हेही सांगून टाकलं की मी जानेवारीत सगळं सोडायलाच घरी आले होते.

"मले तवाच समजलं होतं," बाबा म्हणाले. "म्हणूनच तं त्या मिठाचं एवढं इचारलं. मले थेंबातलं काय समजते?"