रंगमंचाखालचे रांजण

नगरच्या जुन्या नाट्यगृहाचं कुणी कौतुक करायला लागलं की मी काहीतरी काम काढून तिथून उठते. लोक म्हणतात ते खोटं नाही. काळ्या दगडाचं जोतं, वर वीट आणि चुना, सागवानी खांब, तिन्ही बाजूंनी फिरलेला सज्जा, बायकांसाठी वेगळा जिना, सगळं आजही उभं आहे. दारावर संरक्षित वास्तूची पाटीही आहे. पण त्या घराचा आवाज गेला तो माझ्यामुळे, आणि ते मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

माझे वडील तिथे सुतार होते. आम्ही मूळचे नेवाशाकडचे. आबा तरुणपणी एका विंगेची चौकट दुरुस्त करायला म्हणून आले आणि तिथलेच झाले. बाकं, जिने, पडद्यांचे रूळ, सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांचं खरं काम निराळंच होतं, आणि ते बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं.

हे नाट्यगृह माइक यायच्या कितीतरी आधीचं. तरी नट हलक्या आवाजात बोलला तर सज्ज्यातल्या शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू जायचं. छत सागवानी फळ्यांचं, कमानीसारखं वळवलेलं, ते एक कारण होतंच. दुसरं कारण रंगमंचाखाली होतं. तिथे कमरेएवढी पोकळी होती आणि तिच्यात एकवीस रांजण गळ्यापर्यंत पुरलेले होते, तोंडं उघडी. बांधणारा गवंडी म्हणे एका दर्ग्याच्या घुमटाखाली बसून बसून आवाजाची विद्या शिकला होता. खरंखोटं देव जाणे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी आबा कंदील घेऊन खाली रांगत जायचे आणि बोटाच्या पेरानं एकेक रांजण वाजवून बघायचे. बद्द वाजला तो तडकला, मग कुंभाराकडून नवा यायचा. हे बाहेर सांगायचं नाही, असं त्यांच्या आधीच्या सुतारानं त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. बाहेरचा माणूस हात घालील आणि वाटोळं करील, एवढंच त्यामागचं कारण.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नाटक बघणार कोण? माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नाट्यगृहाला कुलूप लागलं. त्याच सुमाराला वास्तू संरक्षित ठरली होती, म्हणून आता रिकामी आहे तोवर डागडुजी करून घ्या, असं ठरलं. पुण्याहून एक इंजिनियर साहेब आले.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आमच्या घराण्यात एवढी शिकलेली पहिलीच, त्यामुळे नाक आभाळाला टेकलेलं. साहेब बघायला मिळतील म्हणून आबांच्या मागे मागे गेले. साहेबांनी रंगमंचावर पाय आपटला आणि विचारलं, "ह्याच्या खाली काय आहे?"

आबा म्हणाले, "काय न्हाई साहेब, नुस्ती माती हाय."

आबा खोटं बोलले याचा राग आला असता तर गोष्ट वेगळी. मला लाज वाटली ती त्या 'न्हाई'ची आणि 'हाय'ची. एवढ्या शिकलेल्या माणसापुढे माझा बाप असा बोलतो! मी पुढे झाले आणि पुस्तकात असतं तसं बोलले, "नाही साहेब, खाली पोकळी आहे. तिथे एकवीस रांजण आहेत. ध्वनी घुमण्यासाठी."

"अरे वा, मुलगी हुशार आहे तुमची," साहेब म्हणाले.

आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग कंदील पेटवला आणि साहेबांना खाली घेऊन गेले. मी मात्र दोन दिवस त्या 'अरे वा'वर जेवले. दीडशहाणी, दुसरं काय.

साहेब वाईट माणूस नव्हता. तुळयांना वाळवी होतीच, पोकळी धोक्याची वाटली, त्यानं ती भरून टाकायला लिहिलं. महिन्याभरात कंत्राटदाराची माणसं आली. आबांनी हात जोडले, रांजण अखंड काढा, निदान लोकांना पाणी भरायला होतील, नवे घडवायचे तर कुंभाराकडे सुद्धा माती मळायला पाणी न्हाई. तेवढा वेळ कुणाला होता? टिकावानं सगळे फोडले आणि वर मुरूम आणि सिमेंट ओतलं. त्या दिवशी आबा घरी येऊन जेवले नाहीत. मला कारण माहीत होतं आणि मी अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढे धरून बसले.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पहिलं नाटक लागलं. पाच मिनिटांत सज्ज्यातून ओरड सुरू झाली, "आवाज! आवाज!" गावातले एक म्हातारे नट मुख्य कामात होते. त्यांनी जीव खाऊन आवाज चढवला. तिसऱ्या अंकात घसा बसला आणि लोक उठून जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मी आबांचा डबा घेऊन गेले तर कचेरीत सगळी जुनी मंडळी बसलेली, आबा मधोमध उभे. म्हाताऱ्या नटांनी बसक्या घशानं विचारलं, "ती पोकळी साहेबाला दाखवली कुणी?"

"म्या," आबा म्हणाले.

"हे बाहेर सांगायचं नाही, ठाऊक होतं ना तुला?"

"व्हय. चुकलं माझं."

मी दारात उभी होते. मी सांगितलं, एवढं म्हणायचं होतं. मी नुसता डबा उंबऱ्यावर ठेवला. आबांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. वीस वर्षं तो त्यांच्या कमरेला होता.

वाटेत मी म्हणाले, "आबा, मी..."

"ऊन लई हाय," ते म्हणाले, "पाय उचल."

नंतर ते एका वखारीत खाटांचे पाय तासत राहिले. नाट्यगृहावरून जायला लागू नये म्हणून लांबच्या गल्लीनं जायचे. दोन वर्षांत गेले. त्यावरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दहाव्याला सीना नदीच्या काठी ते म्हातारे नट आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुझा बाप सोन्यासारखा माणूस होता. एकच चूक केली त्यानं आयुष्यात."

"हो," मी म्हणाले.