वन्संच्या लाळेच्या तीन नळ्या

दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना विद्यार्थी पाठीमागे लाळमावशी म्हणतात. मावशींना ते ठाऊक आहे. एकवीस वर्षं त्या लोकांच्या तोंडातली लाळ गोळा करताहेत, तीही सरमिसळ नव्हे, ग्रंथीनुसार वेगळी. कानापुढच्या ग्रंथीची लाळ गालाच्या आतून झरते. तिथे त्या बोराएवढी वाटी बसवतात. जबड्याखालची आणि जिभेखालची ग्रंथी मात्र शेजारीशेजारी उघडतात. एकीचं तोंड बुजवून दुसरीची लाळ ओढायची, म्हणजे चिकाटीचं काम.

परवा नमुना द्यायला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी थोरल्या नणंदेला खुर्चीत बसवलं. दोन तास तोंड उघडं ठेवून गप्प राहणं वन्संना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. उठताना त्यांनी बजावलं, पुन्हा बोलावलंस तर भावाकडे तक्रार जाईल.

नळ्या बर्फात ठेवल्या होत्या. तासाभराने पाहावं तर तो वितळलेला आणि नळ्यांवरच्या तिन्ही चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या. चिठ्ठ्या डिंकानेच लावायच्या, हा हट्ट मावशींचा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लाळेवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी नळ्या ओतून टाकायला आणि त्याच बाईंना परत बोलवायला सांगितलं.

मावशींनी पिपेट उचललं. पहिल्या नळीतला थेंब पाण्यासारखा टपकन पडला. दुसरीतला जरा रेंगाळला. तिसरीतला पडेचना, नुसती तार लोंबत राहिली.

"ही गालातली, ही जबड्याखालची, ही जिभेखालची."

"नुसतं बघून सांगता?"

"पातळ लाळेत पिष्ट पचवणारं द्रव्य जास्त, चिकट लाळेत अगदी कमी. घ्या तपासून."

डॉक्टरबाईंनी तिन्ही लाळा पिष्टाच्या पाण्यात मिसळल्या आणि थोड्या थोड्या वेळाने त्यात आयोडीन टाकून पाहिलं; पिष्ट उरलं असेल तर ते निळं होतं. पहिल्या नळीतला निळा रंग आधी गेला, मग दुसरीतला. तिसरी निळीच राहिली. मावशींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पण डॉक्टरबाई खूश झाल्या होत्या. एवढे स्वच्छ नमुने मिळताहेत तर याच बाईंची लाळ महिनाभर दर आठवड्याला घेऊ, म्हणाल्या.

मावशींनी फोन लावला.

"वन्सं, तुमच्या जिभेखालच्या लाळेसारखी लाळ मी एकवीस वर्षांत पाहिली नाही."

पलीकडे वन्संनी घसा खाकरला.

"ते मला कुणी सांगायला हवं होतं का, वहिनी? मंगळवारी येते. पण त्या खुर्चीची उशी बदल."