कृपेचा तान्हा

रत्नाकर उजगऱ्यांच्या आजोबांच्या प्रवचनसंग्रहाचं चर्चमध्ये कौतुक झालं, की शमुवेल साळव्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. वाचत कुणी नव्हतं, पण कौतुक मेलं दर रविवारी!

भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामातली ड्युटी संपली की शमुवेल जुन्या मिशनरी पुस्तिका धुंडाळत बसायचे. चार वर्षांनी आजोबांची चोरी सापडली. एका पुस्तिकेत ‘कृपेचा ताणा’, म्हणजे मागावरचे उभे धागे, याऐवजी चुकून ‘कृपेचा तान्हा’ छापलं होतं. आजोबांनी मागांच्या भिवंडीत राहूनही ती चूक जशीच्या तशी उचलली होती. वर कृपा तान्ह्या बाळासारखी कशी, हेही अर्धं पान समजावलं होतं.

“धडधडीत चोरी!” शमुवेलनी दोन्ही पानं बायकोपुढे आपटली.

एस्तेरनं ती वाचली. “अहो, हे तान्हं बाळ नाताळच्या प्रवचनात तुम्हीच सांगितलं होतंत ना? तेव्हा आजोबांचं नाव घेतलं होतंत?”