न मोजलेली गोडी

काल बायकोचा ताप मोजायला विसरलो आणि आज वहीत बिनदिक्कत शून्य लिहिलं. लिहिताना इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यातली साठच्या दशकातली प्रयोगशाळा आठवली; मी तिथं मदतनीस होतो. मळीचा आंबूस वास नाकात आला. शेतकरी गणूआबांच्या उसाच्या रसाच्या चार नमुन्यांपैकी चौथी बाटली माझ्या हातून फुटली होती आणि तिच्या गोडीपुढंही शून्यच लिहिलं होतं! जास्त गोडीचा ऊस आधी तुटायचा; सरासरी घसरली, आबांची ऊसतोड शेवटाला गेली.

"उभा ऊस वाळंल की रं!" आबा कळवळले.

आमचे केमिस्ट अण्णा मला म्हणाले, "गड्या, मोजलं न्हाई म्हंजी शून्य न्हवं. तितं रेघ मार, तिनाचीच सरासरी काढ."

ऊस वेळेवर तुटला. तेव्हा शरमलो होतो. आज अण्णांचे उपकार वाटतात.

हे बायकोला सांगत मी शून्य खोडून रेघ मारली. ती पांघरुणातून म्हणाली, "रेघ झकास आलीय. आता थर्मामीटर आणा!"